दार का अडकतं? 1985 च्या कॅटालिना 30 या शिडाच्या बोटीची खरेदी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेत मेरिलंडमध्ये राहणारं, पन्नाशी ओलांडलेलं एक मराठी जोडपं. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना मी इथे दादा आणि वहिनी म्हणेन. एरवीही तेच म्हणतो. दादांचं बालपण मालवणात गेलं, पण शिडाची बोट हाकायला ते शिकले अ‍ॅनापोलिसला, चाळिशीनंतर. वहिनी पुण्याच्या. पाण्याची भीती नाही, पण सुट्टीच्या दिवशी उगाच हाल करून घेणं त्यांना मान्य नाही.

त्यांची गरज साधी होती. चेसापीक खाडीत शनिवार-रविवार काढायचे, उन्हाळ्यात एखादा आठवडा सेंट मायकेल्स, ऑक्सफर्ड, सॉलोमन्स असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, रात्री एखाद्या नदीच्या तोंडाशी नांगर टाकून झोपायचं. मुलगी कॉलेजातून आली किंवा भारतातून दादांच्या आई आल्या, तर त्यांना कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या उघड्या बैठकीत, नीट टेकून बसता यायला हवं. महासागर ओलांडायचा नव्हता. खरेदी आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरून 22,000 डॉलर बाजूला काढले होते.

एवढ्या पैशात या खाडीवर 1980 च्या दशकातल्या फायबरग्लासच्या बोटी मिळतात, आणि त्यात कॅटालिना 30 हे नाव हमखास पुढे येतं. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तीन दशकांहून अधिक काळ ही बोट बनत राहिली. सहा हजारांहून जास्त पाण्यात उतरल्या. लांबी 30 फुटांना एक इंच कमी, रुंदी 10 फूट 10 इंच, वजन 10,200 पौंड आणि त्यातलं 4,200 पौंड शिसं कीलमध्ये, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेल्या जड पात्यात. आत उभं राहता येतं, कॉकपिट ऐसपैस आहे. सुटे भाग आजही मिळतात, आणि प्रत्येक दुखणं आधी कुणीतरी सोसून लिहून ठेवलेलं असतं. चाळीस वर्षांच्या बोटीबाबतीत मी ही शेवटची गोष्ट वेगापेक्षा आणि देखणेपणापेक्षा मोठी मानतो.

दादांना आवडलेली बोट 1985 ची होती. 21 हॉर्सपॉवरचं तीन सिलिंडरचं युनिव्हर्सल डिझेल इंजिन, खोल कील, पाण्याखाली 5 फूट 3 इंच. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम 21 फूट आहे आणि काठाजवळ तर कितीतरी कमी, त्यामुळे उथळ कीलची बोट बघावी का, हा प्रश्न आला. पण इथला तळ बहुतेक चिखलाचा आहे, आणि वाऱ्याच्या तोंडावर चढताना खोल कील जास्त चांगली चालते. तो मुद्दा तिथेच मिटला. विक्रेत्याची मागणी होती 14,500 डॉलर. दादांनी 13,000 ची ऑफर दिली, सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) आणि समुद्रचाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पक्का, या अटीवर. अनामत त्याच अटीत परत मिळणार होती.

अडचण

चाचणीच्या दिवशी बारा-तेरा नॉटचा वारा होता. बोट छान चालली. मी सोबत होतो. दोन गोष्टी टिपून ठेवल्या. वाऱ्याच्या तोंडावर चढताना डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांपैकी वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा हातात धरून हलवता येत होत्या. थोडी सैल तर ती बाजू पडतेच, पण इतक्या बेताच्या वाऱ्यात एवढी नाही. आणि वहिनी खाली टॉयलेटमध्ये गेल्या, त्या बाहेर येईनात. दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घट्ट धरून बसलं होतं. दादांनी बाहेरून खांदा लावला तेव्हा उघडलं. ब्रोकर म्हणाला, जुनं लाकूड आहे, दमट हवेत फुगतं.

मग बोट पाण्याबाहेर काढली आणि सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. कील जिथे तळाला जोडलेली असते, तिथे पुढच्या बाजूला हातभर लांब, वर वळलेली फट दिसत होती. या जातीच्या बोटींत ही फट इतकी ओळखीची आहे की लोक तिला ‘कॅटालिनाचं हसू’ म्हणतात. फटीतून पाणी ठिबकत होतं. दोन टन शिसं लटकलेल्या जोडातून पाणी येताना बघितलं की माणसाचं मन तिथेच बोट नाकारतं. दादांचा चेहरा उतरला.

सर्व्हेयरचा अहवाल आला त्यात बऱ्याच नोंदी होत्या. ‘तातडीच्या’ गटात कीलचा जोड, तळातल्या भोकावरचा एक अडकलेला जुना गेट व्हॉल्व्ह, आणि इंजिनापासून पॅनेलपर्यंतचं वायरिंग. त्या काळच्या या इंजिनांत आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावरच्या वीजजनित्राचा, सगळा प्रवाह प्लास्टिकच्या प्लगांतून पॅनेलवरच्या अ‍ॅमीटरपर्यंत जाऊन परत येई. प्लग गंजले की तापतात आणि वितळतात. इथे एक प्लग तपकिरी पडून आकसलेला होता. ‘लवकर करावे’ गटात: डोलकाठीच्या तारांचं वय अज्ञात, डोलकाठीच्या पायाभोवती डेकमध्ये ओल, टॉयलेटच्या पाइपांना वास. आणि अगदी शेवटी, ‘किरकोळ’ या मथळ्याखाली: टॉयलेटचं दार घासतं.

त्यातच विम्याचा पेच. ज्या कंपनीकडे दादांनी विचारणा केली तिने सांगितलं की एवढ्या जुन्या बोटीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा मिळेल, पण खुद्द बोटीचा विमा सर्व्हेतली तातडीची कामं पुरी झाल्याचं लेखी कळवल्यावरच. आणि विम्याचा कागद दाखवल्याशिवाय मरीना (बोटी बांधून ठेवायचा धक्का) जागा देत नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला, सरळ सोडून देणं. अनामत परत, सर्व्हे आणि क्रेनचे हजारभर डॉलर गेले. त्या दिवशी दादांचा कल इकडेच होता.

दुसरा, विक्रेत्याने दुरुस्त करून द्यावी आणि मग घ्यावी. ऐकायला हा सुरक्षित वाटतो. मला तो सगळ्यात वाईट वाटला. विकणारा माणूस कागदावरची ओळ खोडली जाण्यापुरतंच काम करणार. फटीत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला की फोटोत ती दिसत नाही, आणि आत काय आहे हे पाहायची संधीही कायमची जाते.

तिसरा, किंमत पाडून घ्यायची आणि दुरुस्ती स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यायची. यात आधी हे कळायला हवं की दुरुस्ती नेमकी कशाची.

चौथा, याच पैशात पंचवीस फुटी, थोडी नवी बोट. ती चार वीकेंडना पुरली असती. आई आणि मुलगी आल्यावर मुक्कामाला नाही. वहिनींनी हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला: “मग हॉटेलातच राहू, बोट कशाला?”

पहिला निर्णय: अजून थोडे पैसे घालून नीट बघायचं

या प्रकरणातलं खरं वळण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

सर्व्हे अहवाल ही यादी असते. यादीत प्रत्येक दोष सुटा, स्वतंत्र ओळीवर बसलेला असतो. बोटीत मात्र दोष एकमेकांना धरून असतात. तिघं कॉफीवर बसलो तेव्हा मी दादांना एवढंच विचारलं की सैल तारा, डेकमधली ओल आणि अडकणारं दार, या तीन गोष्टी बोटीत कुठे आहेत? तिन्ही डोलकाठीपाशी. दादा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “आमच्या मालवणच्या घरात मधल्या खांबाखालचा तळखडा खचला होता. तेव्हा माजघराचं दार असंच वरून धरायचं.”

अगदी तसंच. या बोटीत डोलकाठी डेकवर उभी असते. तिच्या बरोबर खाली, केबिनच्या आत, एक खांब असतो आणि तो डोलकाठीचा दाब खाली तळाकडे नेतो. जोराच्या वाऱ्यात हा दाब काही टनांवर जातो. खांबाचा पाय तळाशी लाकडाच्या ठोकळ्यावर टेकतो आणि त्या ठोकळ्यावर फायबरग्लासचं वेष्टण असतं. ठोकळा कोरडा राहिला तर कुजायचं कारणच नाही. पण तो बसतो नेमका बिल्जमध्ये, जिथे सगळीकडचं पाणी ओघळून येतं. वेष्टणाला एखाद्या स्क्रूचं भोक पडलं की लाकूड वर्षानुवर्षं भिजत राहतं. ठोकळा मऊ होतो, खांब खाली दबतो, डेक खचतं, डोलकाठी खाली येते, तारा सैल पडतात. मालक तारा आवळतो. आवळल्याने दाब आणखी वाढतो, खांब आणखी बसतो. टॉयलेटची चौकट खांबाला लागूनच आहे, म्हणून दार धरतं. खचलेल्या डेकभोवतीचं सील तुटतं आणि ओल शिरते.

हा अंदाज होता. खात्री करायला भोक पाडावं लागणार होतं, आणि बोट अजून दुसऱ्याच्या मालकीची होती. विक्रेत्याकडे लेखी परवानगी मागितली: दोन ठिकाणी पेन्सिलीएवढी भोकं, व्यवहार फिसकटला तर आमच्या खर्चाने बुजवून देऊ. तो नाराज झाला, पण तयार झाला. सर्व्हेयर परत आला.

पहिलं भोक खांबाच्या पायथ्याशी, बिल्जच्या वर. ड्रिलबिटच्या खोबणीतून बाहेर आला तो भुसा नव्हताच, काळा ओला लगदा होता. शेवाळलेल्या डबक्याचा वास. मग भोकातून पाण्याची बारीक धार लागली आणि बराच वेळ थांबली नाही.

दुसरं भोक कीलच्या वरच्या बाजूला, जिथे त्या वर्षांच्या बोटींत फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवुड असतं. तिथून फिक्या रंगाचा कोरडा चुरा आला.

कीलच्या फटीकडेही आता शांतपणे पाहता आलं. शिसं गंजत नाही. म्हणजे फटीतून तांबूस ओघळ आला तर तो आतल्या स्टेनलेस बोल्टांचा. इथलं पाणी स्वच्छ होतं आणि दोन दिवसांत थांबलंही. बिल्जमधले नट आणि वॉशर साफ केले, त्यांचं धातूकाम शाबूत होतं. शिवाय बोट खडकावर जोरात आपटलेली असती तर कीलची मागची कड वर दाबली जाऊन तिथल्या तळात तडे गेले असते, तसे नव्हते. आयुष्यभर चिखलाच्या खाडीत राहिलेली बोट होती ती. फट फक्त जोडातल्या पुट्टीची होती.

म्हणजे जे बघून दादा बोट सोडणार होते ते थोडक्यात निभावणारं काम निघालं, आणि ‘किरकोळ’ म्हणून नोंदलेल्या दाराखाली डोलकाठीचा पायाच कुजलेला होता.

दुसरा निर्णय: किंमत आणि कामांचा क्रम

नवी ऑफर 9,000 डॉलरची दिली, सोबत भोकांचे फोटो आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डाचा अंदाजपत्रकाचा कागद. घासाघीस फार झाली नाही. हे सगळं कळल्यावर पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगणं विक्रेत्याला भाग होतं. 9,000 ला व्यवहार झाला.

कागदपत्रांत एक गोष्ट आड आली. दादांना बोट फेडरल दप्तरी, कोस्ट गार्डकडे नोंदवायची होती. आकाराने ही बोट त्यात बसते, पण त्या नोंदणीसाठी मालक अमेरिकी नागरिक असावा लागतो. दादा-वहिनी ग्रीन कार्डावर. मग मेरिलंड राज्याकडे टायटल (मालकीचा कागद) आणि नोंदणी केली, 5 टक्के कर भरला. किनाऱ्यालगतच्या वापराला त्याने काही बिघडत नाही.

कामांचा क्रम लावताना मी एकच कसोटी धरायला सांगितली: आधी जे बोटीला तरंगतं ठेवतं, मग जे डोलकाठी उभी ठेवतं, मग जे आग लावू शकतं, बाकी सगळं त्यानंतर. तारांवर मात्र वाद झाला. त्यांचं वय कुणालाच माहीत नव्हतं, डोळ्यांना त्या ठीक दिसत होत्या, आणि नव्या संचाला चार हजारांच्या वर खर्च. दादांना वर्षभर थांबायचं होतं. पण खांबाच्या कामासाठी डोलकाठी उतरवावी लागणारच होती. क्रेनचे पैसे एकदा देऊन दोन्ही कामं होतात. थांबलं तर पुढच्या वर्षी पुन्हा क्रेन. आणि सैल पडल्या म्हणून किती वेळा, किती आवळल्या गेल्या असतील अशा तारांवर मी माझ्या माणसांना बसवलं नसतं. तारा बदलल्या.

वहिनींनी यादीत खाली असलेले टॉयलेटचे पाइप वर आणले. “वास येत असेल तर मी रात्री राहणार नाही, आणि मी राहणार नसेन तर ही बोट तुम्ही एकट्यासाठी घेताय.” किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला इथे बंदी आहे, त्यामुळे टाकी वापरावीच लागते, जुने पाइप आतून झिरपतात आणि मग कितीही धुतलं तरी वास जात नाही. पाइप आणि टाकी दोन्ही नवीन घेतली. शिडं, गाद्या, ऑटोपायलट पुढे ढकललं. मला हा निर्णय पूर्ण पटतो. ज्या घरात दोघांपैकी एकाचंच मन बोटीत असतं, तिथे ती बोट धक्क्यालाच बांधलेली राहते.

प्रत्यक्ष काम

नोव्हेंबर ते एप्रिल बोट यार्डात होती. डोलकाठी उतरवली, आत जॅक लावून डेक हळूहळू, काही दिवसांत, वर घेतलं. एका दमात उचललं असतं तर केबिनची सांधेजोड फाटली असती. बिल्जमधलं वेष्टण कापून ठोकळा काढला; हातमोज्यात धरून ओल्या चिवड्यासारखा तो मुठीने बाहेर आला. जागा आठवडाभर सुकवली. नवा ठोकळा लाकडाचा केलाच नाही. घट्ट फायबरग्लासच्या जाड पट्ट्या एपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट राळेत) एकावर एक बसवून उंची जमवली आणि वरून सील केलं. खोदणं, खरवडणं, सुकवणं दादांनी स्वतः केलं; एपॉक्सीचं भारवाही काम यार्डाच्या माणसाने.

कीलच्या जोडातली जुनी लांबी घासून काढली, बोटीचं सगळं वजन कीलवर टेकलेलं असताना नट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळले, मग नवीन लांबी आणि कापड. हा क्रम उलटा केला तर फट पहिल्याच मोसमात परत येते. गेट व्हॉल्व्हच्या जागी कांस्याचा सीकॉक (तळातल्या भोकाची तोटी) बसला. अ‍ॅमीटर काढून व्होल्टमीटर घातला आणि प्लगांच्या जागी अखंड वायर ओढली.

निष्पत्ती

मे महिन्यात बोट पाण्यात गेली. पहिल्याच फेरीला अ‍ॅनापोलिसच्या बाहेर पंधरा-सोळा नॉट वारा होता. बोट कलती असताना वहिनी मुद्दाम खाली गेल्या आणि टॉयलेटचं दार चार-पाच वेळा उघड-बंद करून आल्या. एका बोटाने उघडत होतं. वाऱ्याआडच्या तारा मऊ होत्या, लोंबत नव्हत्या. विमा कंपनीने यार्डाचं पत्र घेऊन बोटीचा विमाही दिला.

जुलैत मात्र फटका बसला. थॉमस पॉइंटच्या दीपगृहाजवळ दुपारी वादळी ढग चढले. या खाडीवर उन्हाळ्यात ते नेहमीचंच. शिडं वेळेवर उतरवली, इंजिन चालू केलं, आणि वीस मिनिटांत तापमानाचा काटा वर गेला. नांगर टाकून वादळ काढलं, नंतर टो करून आणावं लागलं. हीट एक्स्चेंजर (इंजिन थंड ठेवणारा भाग) क्षारांनी जवळजवळ बुजलेला होता आणि त्यात पाण्याच्या पंपातल्या जुन्या इम्पेलरचे, म्हणजे फिरत्या चक्राचे, रबराचे तुकडे अडकले होते. सर्व्हेयरने इंजिन चालताना पाहिलं होतं, पण चाचणीत ते दहा मिनिटंच चाललं होतं, तेही हळू.

एकूण खर्च पहिल्या वर्षाअखेर साडेपंचवीस हजारांच्या आसपास गेला, मरीनाचं भाडं वेगळं. म्हणजे ठरवल्यापेक्षा साडेतीन हजार जास्त. आज बोट विकली तर त्याच्या निम्मे आले तरी पुष्कळ.

वेगळं काय करता आलं असतं

इंजिनाची तपासणी वेगळ्या मेकॅनिककडून करून घ्यायला हवी होती, आणि चाचणीत पूर्ण तापेपर्यंत, अर्धा तास तरी, भरधाव चालवायला हवं होतं. बोटीचा सर्व्हेयर इंजिन खोलून पाहत नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलेलंच असतं.

विमा कंपनी आणि मरीना यांच्या अटी ऑफर देण्याआधी विचारायच्या. दादांनी त्या नंतर विचारल्या, आणि मधले दोन आठवडे उगाच तणावात गेले. यार्डाचे नियमही तसेच. काही यार्ड मालकाला स्वतः काम करू देत नाहीत किंवा बाहेरचा कारागीर आणू देत नाहीत. या यार्डात परवानगी होती, नसती तर खर्च कितीतरी वाढला असता.

रिगरला (डोलकाठी आणि तारांचं काम करणाऱ्याला) सर्व्हेच्या दिवशीच बोलावता आलं असतं. तो डोलकाठीच्या पायथ्याशी उभा राहून डेकवर एक सरळ पट्टी आडवी ठेवतो आणि खचलेपण मिनिटभरात सांगतो. मग किंमतीची बोलणी दोनदा करावी लागली नसती.

आणि बोट सोडून देणं चूक ठरलं असतं का? माझ्या मते नाही. खांबाच्या ठोकळ्यासोबत कीलवरचं प्लायवुडही भिजलेलं निघालं असतं, तर मीच दादांना अनामत घेऊन निघा म्हटलं असतं. दोन्ही कामं मिळून बोटीच्या किमतीच्या दुप्पट गेली असती.

डोलकाठीभोवतीची डेकची ओल अजून बाकी आहे. मेमध्ये तिच्या कडा पेन्सिलीने आखून ठेवल्या. येत्या नोव्हेंबरात बोट बाहेर काढल्यावर पुन्हा ओल मोजायचा मीटर लावायचा. ओल रेषेच्या आत असेल तर तेवढाच भाग आतून उघडून नवा गाभा भरायचा, आणि तेव्हाच नवं मुख्य शीड. रेषेबाहेर सरकली असेल तर शीड आणखी एक वर्ष थांबेल.